मदत हवी आहे: जर्मनीत पालकत्व रजेची वाटणी, बाबाने सहा महिने घ्यावेत का?

नमस्कार. मी आणि माझी पत्नी स्टुटगार्टमध्ये राहतो, दोघेही नोकरी करतो आणि आमच्या पहिल्या बाळाच्या जन्माची अपेक्षित तारीख १४ नोव्हेंबर आहे. जन्मानंतरची रजा आणि भत्ता दोघांत कसा वाटून घ्यावा, याबद्दल येथे स्वतः यातून गेलेल्या पालकांचा सल्ला हवा आहे.

ज्यांना इथली पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एल्टर्नत्साइट म्हणजे नोकरी राखून मिळणारी रजा, ती कंपनीकडून घ्यायची. आणि एल्टर्नगेल्ड म्हणजे त्या काळात सरकारकडून मिळणारा भत्ता. भत्ता निव्वळ पगाराच्या साधारण ६५ टक्के असतो, पण महिन्याला १८०० युरोंच्या वर जात नाही. दोघांत मिळून पूर्ण भत्त्याचे १४ महिने मिळतात आणि एकाला जास्तीत जास्त १२ घेता येतात, त्यामुळे दुसऱ्याने किमान दोन महिने घेतले नाहीत तर ते बुडतात. म्हणूनच इथल्या बऱ्याच घरांत आई बारा आणि बाबा दोन अशी वाटणी दिसते.

आम्हाला तशी वाटणी नको आहे. वहीच्या पानावर चौदा चौकोन आखून आम्ही आठवडाभर पेन्सिलने भरतो आणि खोडतो आहोत. सध्या त्यात पत्नीचे पहिले आठ महिने आहेत; बाळंतपणानंतरच्या आठ आठवड्यांच्या मातृत्व रजेमुळे पहिले दोन तसेही तिच्याच नावावर धरले जातात. माझे सहा: पहिला, आणि मग नववा ते तेरावा. १ एप्रिल २०२४ नंतर जन्मलेल्या बाळांसाठी नियम असा आहे की पहिल्या बारा महिन्यांत दोघांनी एकाच वेळी पूर्ण भत्ता सर्वसाधारणपणे एकच महिना घ्यावा. तो एक महिना मी जन्मानंतर लगेच वापरू इच्छितो.

इथेच आमचे एकमत होत नाही. सासूबाई नोव्हेंबरच्या सुरुवातीला पुण्याहून येत आहेत आणि व्हिसाच्या नियमामुळे नव्वद दिवसांनी त्यांना परतावे लागेल. पत्नीचे म्हणणे असे, की आई घरात असताना तू रजा काढून काय करणार, तो महिना पुढे उपयोगी पडेल. मला मात्र नेमके उलट वाटते. बाळाला पायांवर पालथे घेऊन न्हाऊ घालणे, मानेखाली हात कसा धरायचा, पाणी किती कोमट हवे, टाळू कशी भरायची, हे सासूबाईंच्या हाताखाली बसून शिकण्याची संधी मला तेवढ्याच दिवसांत आहे. जानेवारीअखेर त्या गेल्यावर हे येणारे घरात दोघे असावेत, एकटी ती नव्हे.

पैशांचा हिशेब तिच्या बाजूने आहे, हे मान्य करतो. माझा निव्वळ पगार ३९०० युरो आणि तिचा २६०० आहे. ती घरी असेल तर तिच्या भत्त्यासह महिन्याला ५५९० युरो येतील. मी घरी असेन तर ४४००. म्हणजे माझ्या शेवटच्या पाच महिन्यांत सुमारे सहा हजार युरो कमी, आणि पहिल्या महिन्याचा २१०० युरोंचा खड्डा वेगळा. तेवढी बचत आमच्याकडे आहे. तिला जुलैत तिच्या कामावर परतायचे आहे आणि ते मला तितकेच महत्त्वाचे वाटते.

गावाकडे हे समजावणे अवघड गेले. माझा धाकटा भाऊ केंद्र सरकारच्या नोकरीत आहे, त्याला मुलीच्या वेळी पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळाली. खासगी नोकरीतल्या वहिनीला २०१७ च्या दुरुस्तीप्रमाणे २६ आठवडे मिळाले. खासगी नोकरीतल्या वडिलांसाठी तिकडे कायद्याने काहीच नाही. त्यामुळे सहा महिने म्हटल्यावर बाबांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "अरे, नोकरीला काही झालं का?" इथल्या वरिष्ठांची प्रतिक्रियाही फार वेगळी नव्हती: दोन महिने सगळेच घेतात, सहा कशाला? त्यांनी नाही म्हटले नाही, कायद्याने म्हणताही येत नाही. पण त्यानंतर पुढच्या वर्षीच्या प्रकल्पाच्या बैठकांना मला बोलावलेले नाही.

आता प्रश्न.

रजेची लेखी सूचना किमान सात आठवडे आधी द्यावी लागते आणि कामावरून काढण्याविरुद्धचे संरक्षण फार तर आठ आठवडे आधी सुरू होते. म्हणजे माझे पत्र १९ ते २६ सप्टेंबरच्या दरम्यानच गेले पाहिजे, असे मी धरून चाललो आहे. पहिल्याच पत्रात पुढच्या दोन वर्षांचे सगळे टप्पे कळवावे लागतात, तेव्हा नववा ते तेरावा महिनाही लगेच उघड होणार. दोन टप्प्यांच्या मधल्या काळात हे संरक्षण नसते. ज्या बाबांनी अशी तुटक रजा घेतली, त्यांना त्या मधल्या महिन्यांत कामाच्या ठिकाणी काय अनुभव आला? की सलग रजा घेणेच शहाणपणाचे?

दुसरे, भत्त्याचे महिने कॅलेंडरचे नसून बाळाच्या जन्मतारखेपासून मोजले जातात, आणि वरिष्ठांना मात्र "ऑगस्ट ते डिसेंबर" असे सरळ महिने हवे आहेत. तसे केले तर भत्त्याच्या महिन्यात पगाराचे दिवस घुसतात आणि भत्ता कापला जातो. हे कंपनीला न दुखावता कोणत्या शब्दांत लिहिलेत? कोणाकडे अशा पत्राचा नमुना असेल तर नावे काढून द्यावा.

तिसरे, वर्षाच्या बाळाला किटामध्ये, म्हणजे इथल्या पाळणाघरात, जागा मिळण्याचा हक्क १ ऑगस्ट २०१३ पासून कायद्यात आहे, पण प्रत्यक्षात जागा उशिरा मिळते असे ऐकतो. बाळ तिथे रुळण्यासाठी पालकाला सुरुवातीचे काही आठवडे सोबत जावे लागते, तो काळ मी तेराव्या महिन्यात धरला आहे. जागा लांबली तर चौदावा महिना तुम्ही कसा निभावलात?

पत्र १९ तारखेला तयार हवे आहे, म्हणून त्याआधी उत्तर मिळाले तर फार मदत होईल. पहिल्या महिन्याबद्दल आयांचेही मत हवे आहे. पत्नी ही उत्तरे माझ्यासोबत वाचणार आहे.