बदकाच्या रश्श्याला येणारा हिवसट वास

प्रश्न (खानापूर): रविवारी घरचे बदक कापून कोंबडीसारखेच तासाभरात शिजवले. रंग छान तांबडा आला, पण पहिल्याच घासाला चिखलाचा वास आला आणि सासूबाईंनी ताट बाजूला सारले. रानबदक असे लागते म्हणतात, हे तर पाळीव होते. माझे कुठे चुकले?

उत्तर (निपाणी): ताई, शेपटीच्या बुडाशी, पाठीकडच्या बाजूला तेलाची ग्रंथी असते. बदक तेच तेल चोचीने पिसांना चोळते. ती पिवळसर गाठ न फोडता आजूबाजूच्या मांसासकट कापून टाकावी. उरलेला उग्रपणा बराचसा चरबीत असतो, म्हणून पोटातली आणि मानेजवळची चरबी काढून मांस रात्रभर ताकात, फ्रीजमध्ये ठेवावे, सकाळी स्वच्छ धुवावे आणि मगच आले-लसूण, भाजलेले सुके खोबरे व संकेश्वरी मिरचीच्या वाटणात मंद आचेवर मऊ होईपर्यंत शिजवावे. आमसूल मात्र शेवटी घालावे.

उत्तर (बेळगाव): रानबदक सतत उडत असल्याने त्याच्या छातीच्या स्नायूंत मायोग्लोबिन हे लोहयुक्त लाल प्रथिन भरपूर असते, त्यामुळे ते मांस गडद व उग्र लागते, मासे-शिंपले खाणाऱ्या जातींना मासळीचा वास येतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानबदकांची शिकार गुन्हा आहे, तेव्हा तळ्यावरून कोणी आणून दिले तरी कृपया घेऊ नका.

प्रश्नकर्ती: ग्रंथी मी काढलीच नव्हती. पुढच्या वेळी आधी तीच काढीन.