तोंडी सगळे येते, कागदावर अडते

आपल्या घरातले किंवा वर्गातले एखादे मूल तोंडी सगळे सांगते, मात्र कागद समोर आला की अडते, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांनी येथे लिहावे. उपदेश नको, मूल पुन्हा कसे सावरले, तेवढे सांगावे.

एक आई, धंतोली :
नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रात पाहिलेला प्रत्येक प्रयोग माझा मुलगा घरी आल्यावर नीट समजावून सांगत असे; परंतु चौथीतही त्याच्या वहीत ‘घ’चा ‘ध’ आणि ‘भ’चा ‘म’ होई, आणि जोडाक्षर आले की तो ती ओळच सोडून देई. मी त्याला रोज पानेच्या पाने शुद्धलेखन लिहायला लावले, याची आज लाज वाटते. तपासणीत बुद्ध्यांक चांगला आणि अडचण डिस्लेक्सियाची, म्हणजे अक्षरे वाचण्या-लिहिण्यातली, निघाली, तेव्हा तो अहवाल त्याने स्वतःच्या दप्तरात ठेवायला मागितला. विशेष शिक्षिकेने ताटात रवा पसरून, उच्चार करत करत अक्षरे गिरवायला शिकवले. प्रगती फार हळू होती. वर्षभराने सीताबर्डीत तो दुकानांच्या पाट्या न सांगता वाचू लागला. आम्ही मुद्दाम पायीच फिरत होतो.

शिक्षिका, महाल :
अशा मुलाला अचानक उभे करून वाचायला लावणे मी थांबवले. उद्याचा परिच्छेद त्याला आदल्या दिवशीच देते, आणि आशयाचे गुण शुद्धलेखनापासून वेगळे ठेवते.

अभियांत्रिकीचा विद्यार्थी :
२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या अडचणींचा, समावेश आहे, हे आमच्या घरी कोणालाच ठाऊक नव्हते. प्रमाणपत्रासाठी हेलपाटे घालावे लागले, पण दहावीला तासामागे २० मिनिटे जादा मिळाली. लेखनिक मी नाकारला. तो माझा हट्ट होता, आणि भूमितीत तो महागात पडला. तरीही पेपर पूर्ण सोडवून उठण्याचा अनुभव मला प्रथमच आला.

आजोबा, प्रतापनगर :
नातीला डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे आकडे आणि गणित समजण्यातली अडचण, आहे. आमच्या कॅरमचे गुण मांडण्याचे काम मी तिच्याकडे सोपवले. सुरुवातीला ती रेघा ओढून मोजायची. आता माझीच बेरीज चुकल्याचे दाखवते. पाढे अजूनही बाराच्या पुढे जात नाहीत. मी ते विचारणे सोडून दिले आहे.