अमेरिकेतील विद्यापीठात अध्यापन साहाय्यक म्हणून शिकवताना वर्ग कसा सांभाळावा?

प्रश्न : राजारामपुरीकर
शिवाजी विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी ऑगस्टमध्ये पीएच.डी.साठी अमेरिकेला जात आहे. शुल्कमाफी आणि विद्यावेतनाच्या बदल्यात आठवड्याला २० तास पदवीच्या पहिल्या वर्षाचे प्रात्यक्षिक वर्ग घ्यायचे आहेत. विषयाची भीती नाही. परंतु आपल्याकडे सर आत येताच वर्ग उभा राहतो आणि शंका तास संपल्यावर दाराशी गाठून विचारली जाते, तर तिथे मुले शिक्षकाला नावाने हाक मारतात आणि गुणांवरून थेट वाद घालतात, असे ऐकतो. अशा वर्गात मान कसा राखावा? माझे इंग्रजी उच्चार त्यांना समजतील का?

प्रतिसाद १ : रंकाळाकाठ
मी तिथे सांख्यिकीचे वर्ग घेत असे. नावाने हाक मारणे हा अनादर नव्हे, हे मनाशी पक्के करावे. तिथे शिक्षकाचा अधिकार वयावर किंवा पदावर नव्हे, तर आधी लेखी सांगितलेल्या नियमांवर उभा असतो. म्हणून कोणत्या पायरीला किती गुण आहेत, उशिरा आलेल्या अहवालाचे किती कापले जातील आणि गुणांबाबत तक्रार कोणत्या मुदतीत, कशी करायची, हे पहिल्याच तासाला कागदावर द्यावे. त्यानंतर कोणी वाद घातला, तर जागेवरच गुण वाढवू नयेत आणि रागावूही नये. ‘लेखी द्या, मी पुन्हा तपासून कळवतो’ एवढे पुरते.

वर्ग शांत बसला, तर ते आदराचे लक्षण समजू नये. बहुधा विषय समजलेला नसतो, किंवा तुम्हाला विचारणे अवघड वाटत असते. सगळ्या वर्गाला ‘समजले का?’ विचारण्याऐवजी शेजाऱ्याशी दोन मिनिटे बोलायला सांगून मग उत्तर मागावे. आपला कोल्हापुरी रोखठोकपणा मला प्रिय आहे, पण वहीवर नुसते ‘चूक’ लिहिले की तिथला विद्यार्थी दुखावतो. काय बरोबर आहे ते आधी लिहावे.

प्रतिसाद २ : शाहूपुरी ४१६००१
एक कायदेशीर बाब आवर्जून सांगतो. आपल्याकडे नावासह गुणांची यादी फलकावर लागते आणि पालक येऊन चौकशी करतात. अमेरिकेत १९७४ च्या संघराज्य कायद्यानुसार विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदी सामान्यतः त्याच्या लेखी संमतीशिवाय इतरांना उघड करता येत नाहीत. पालकांचा ईमेल आला, तर स्वतः उत्तर न देता विभागाकडे पाठवावा. तपासलेले अहवाल टेबलावर गठ्ठ्याने ठेवू नयेत.

प्रतिसाद ३ : पंचगंगा
उच्चारांबाबत सगळा भार नवख्या शिक्षकावर टाकणे मला अन्यायाचे वाटते; वेगळ्या धाटणीचे इंग्रजी ऐकण्याची सवय विद्यार्थ्यांनीही करायला हवी. तरीही करण्यासारखे पुष्कळ आहे. मराठीत आपण अक्षरांना जवळजवळ सारखे वजन देतो, इंग्रजीत मात्र शब्दातील एका भागावर स्पष्ट आघात येतो आणि तो चुकला की ओळखीचा शब्दही ऐकणाऱ्याला कळत नाही. त्यामुळे प्रयोगातील नेहमीचे शब्द शब्दकोशातील ध्वनिमुद्रण ऐकून घोटावेत, बोलण्याचा वेग कमी ठेवावा आणि प्रत्येक नवी संज्ञा फळ्यावर लिहावी. परदेशी साहाय्यकांसाठी अनेक विद्यापीठांत प्रशिक्षणवर्ग असतात. तो ऐच्छिक असला तरी घ्यावा. सत्राअखेरीस विद्यार्थी तुमचे निनावी मूल्यमापन करतील, पण तोवर सुधारणेची वेळ निघून गेलेली असते. म्हणून चौथ्या-पाचव्या आठवड्यातच कोऱ्या चिठ्ठ्या वाटून काय कळत नाही ते विचारावे आणि पुढच्याच तासाला त्यातील एक तरी सूचना अमलात आणावी.