मदत हवी आहे: तपासणी शिबिरानंतरच्या उपचारांचं काय ठरवून घ्यावं?

वसईतल्या आमच्या चर्चच्या महिला मंडळाने यंदा उपवासकाळातला दाननिधी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी ठेवलाय. वयोगट तीस ते पन्नास. पाड्यांवरच्या आदिवासी बायकाही येतील. धर्माची अट नाही, प्रवचनही नाही. पद्धत व्हीआयएची: अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचं सौम्य द्रावण गर्भाशयमुखाला लावून मिनिटभरात पांढरा डाग उमटतो का ते पाहायचं. टाटा मेमोरियलच्या मुंबईतल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी याच पद्धतीने तपासलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते, म्हणून पॅप स्मिअरचा (पेशी काढून प्रयोगशाळेत तपासण्याचा) आग्रह सोडला.

फादरांची परवानगी, महिला डॉक्टर, पडद्यांची सोय, सगळं जमलंय. अडकलंय ते पुढचं. डाग दिसला तर कॉल्पोस्कोपी (गर्भाशयमुख भिंगातून बारकाईने पाहणं), गरज पडल्यास बायोप्सी (छोटा तुकडा काढून तपासणं) हवी. एक खासगी रुग्णालय शिबिर फुकट करून देतंय, पण नंतरच्या खर्चाचं विचारलं की ‘बघू’ म्हणतात. सरकारी रुग्णालयात लांबची तारीख मिळते, आणि रोजंदारी बुडवून बाई पुन्हा येणं कठीण. तिला घाबरवून वाऱ्यावर सोडणं मला मुळीच मान्य नाही.

असं शिबिर घेतलेल्यांनी कृपया सांगा: रुग्णालयाकडून नेमकं काय लेखी घ्यावं, आणि निधीतला किती वाटा पुढच्या तपासण्यांसाठी राखून ठेवावा?