क्लोदीन तेवने कोण होत्या?

प्रश्न: लेकीच्या जीझस अँड मेरी शाळेत या बाईंची तसबीर आहे. कोण या?

उत्तर: मी त्यांच्याच शाळेत शिकले. फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या रेशीम व्यापाऱ्याची मुलगी, जन्म १७७४. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९४ साली, दोन भावांना गोळ्या घातल्या. 'आम्ही माफ केलं, तूही कर,' असं ते सांगून गेले. हे आठवलं की अजून गलबलून येतं.

उत्तर: १८१५ साली चर्चच्या दारात सापडलेल्या दोन अनाथ मुलींपासून काम सुरू झालं. १८१८ मध्ये 'जीझस अँड मेरी' हा नन्सचा संघ स्थापला. अक्षरांसोबत रेशमाचं काम शिकवायच्या, म्हणजे पोरी पोटापुरतं कमावतील! मला हेच फार मोठं वाटतं.

प्रश्नकर्ती: त्या इकडे आल्या होत्या?

उत्तर: नाही ताई, १८३७ मध्येच वारल्या. त्यांच्या सिस्टर्स १८४२ ला आग्र्यात पोचल्या.