औषधाच्या पेटीत लाइव्ह सेन्सर: माल वाचतो की नुसता आलेख मिळतो?

जेनसेटवाला
वाळूजला एका औषध कंपनीच्या डिस्पॅचमध्ये अकरा वर्षं झाली. हल्ली जो विक्रेता येतो तो हेच सांगतो: मालात सिमवालं यंत्र घाला, माल कुठे आहे, किती तापलाय, सगळं बसल्या जागी दिसेल. घातलं. गेल्या मे महिन्यात युरोपला जाणाऱ्या इंजेक्शनांचा रीफर, म्हणजे फ्रिजसारखा थंड कंटेनर न्हावा शेवा बंदराला निघाला. आत २ ते ८ अंश हवेत. कसाऱ्याच्या अलीकडे रात्री पावणेदोनला ९.४ लागले. मेल आला, एसेमेस आला, आणि ज्याच्या फोनवर आला तो घोरत होता. घाटात रेंज नाही, त्यामुळे पुढचे आकडे तासाभराने ढिगाने आले. सकाळी सहाला बघतोय तर गाडी भिवंडीत उभी आणि आत ११.६! चालकाने डिझेल वाचवायला जेनसेट, म्हणजे कंटेनर थंड ठेवणारा जनरेटर, बंद ठेवला होता. माल वाचला नाहीच, तो कसा गेला याचा आलेख मात्र झकास निघाला.

१२ जानेवारी २०२१ला मांजरीहून कोविशिल्डच्या गाड्या पूजा करून निघाल्या, तेव्हा अख्खा देश टीव्हीला चिकटला होता. तसं लक्ष रोजच्या मालाकडे कोण देणार? माझं मत: साधा लॉगर टाका (तापमान नुसतं नोंदवून ठेवणारं, बिनसिमचं यंत्र), उरलेला पैसा डिझेल आणि रात्रपाळीच्या माणसावर खर्च करा.

स्टॅबिलिटी_ताई
दादा, तुमच्याच गोष्टीत तुमचं उत्तर आहे. तो कंटेनर जहाजावर चढला का? नाही ना? साधा लॉगर असता तर माल तीन-चार आठवड्यांनी युरोपात पोचला असता, तिथल्या माणसाने लॉगर संगणकाला लावला असता आणि तेव्हा कळलं असतं. तुम्हाला बंदराच्या दारात कळलं.

दुसरं म्हणजे, ११.६ दिसले म्हणून सगळा माल गेला असं होत नाही. यंत्र हवेचं तापमान सांगतं, कुपीतल्या द्रवाचं नाही. दाराजवळचं पॅलेट (फळीवर रचलेली खोकी) आधी तापतं, आतलं उशिरा. किती तास, किती अंश हे हाती असेल तर आम्ही स्टॅबिलिटीचा डेटा, म्हणजे औषध किती तापमानात किती काळ टिकतं त्याच्या नोंदी, काढून बसतो आणि कुठलं पॅलेट ठेवायचं, कुठलं टाकायचं ते ठरवतो. डेटा नसेल तर भीतीपोटी सगळंच नष्ट करावं लागतं. आणि सगळे गरमच्या मागे लागलेत, पण गोठणं जास्त वाईट. इन्सुलिन एकदा गोठलं की ते वितळल्यावर वापरायचं नसतं, मग बाटली दिसायला कितीही स्वच्छ असो.

घाटमाथा ट्रान्सपोर्ट
चालकाने डिझेल वाचवलं म्हणे. कुणासाठी? भाडं ठरवताना जेनसेटचं डिझेल वेगळं धरा म्हटलं तर "त्यातच बसवा" हे उत्तर मिळतं. मग बसवतो बिचारा. स्क्रीनवर लाल लागलं की पहिला फोन त्याला, दुसरा फोन त्याचं भाडं कापायला. बंदराच्या गेटवर तासन्‌तास रांग लागते, तिचा आलेख काढलाय कुणी? गाडी कुठे थांबली ते तुमचं यंत्र सांगतं, का थांबली ते नाही. आमच्या पोरांना ते पाळतीचं खेळणं वाटतं. काहींनी सीटखाली कोंबलंय, खोटं कशाला बोलू.

आयएलआरची चावी
मी प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधनिर्माता. पूर्वी आयएलआरचं, म्हणजे लसींच्या फ्रिजचं तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत लिहायचं. वहीत कायम ४ अंश! काही ठिकाणी सुट्टीच्या दिवशीही ४, माणूस गावाला गेलेला असताना. २०१५पासून ईविन ही लसींचा साठा आणि तापमान बघणारी सरकारी यंत्रणा आली, आधी १२ राज्यांत. फ्रिजमधला सेन्सर दर दहा मिनिटांनी तापमान नोंदवतो, बिघडलं तर फोनवर इशारा येतो. गेल्या पावसाळ्यात वीज गेली, रात्री इशारा आला, मी उठून लसी कोल्ड बॉक्समध्ये भरल्या आणि शेजारच्या केंद्रात नेल्या. एकही कुपी टाकावी लागली नाही. जेनसेटवाले, तुमच्याकडे यंत्र होतं, पण रात्री उठायचं कुणी हे ठरलं नव्हतं. आमच्याकडे चावी माझ्याच खिशात असते.

पण ताईंनाही एक सांगतो. केंद्रातून उपकेंद्राला लस जाते ती आईसपॅकच्या कॅरियरमध्ये, सेन्सरशिवाय. तिथे भरवसा कुपीवरच्या व्हीव्हीएमचा, म्हणजे उष्णतेने रंग बदलणाऱ्या खुणेचा. वर्तुळात चौकोन असतो. चौकोनाचा रंग वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला की लस बाद. सिम नाही, बॅटरी नाही, नर्सबाईंना एका नजरेत कळतं. तो गोठणं मात्र ओळखत नाही, पेंटाव्हॅलंटसारख्या (पाच रोगांवरच्या एकत्र) लसीसाठी कुपी हलवून बघावी लागते.

जेनसेटवाला
@स्टॅबिलिटी_ताई, जहाजाचा मुद्दा मान्य, तिथे मी चुकलो. विमानाचं काय? उड्डाणात ही यंत्रं पाठवणं बंद करतात, उतरल्यावर साठवलेलं ओकतात. पेटी उन्हात धावपट्टीजवळ पडली की खरा धोका, आणि नेमकं त्याच वेळी सिग्नल येईलच याची खात्री नाही. "लाइव्ह" हा विक्रेत्याचा शब्द आहे.
@घाटमाथा, डिझेलचं बरोबर बोललात. आमच्या करारात ते वेगळं धरलेलं नव्हतं.

पेशी
वाद कंटेनरभर कुप्यांचा चाललाय. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेली नेक्सकार१९ ही रक्ताच्या कर्करोगावरची उपचारपद्धती बघा, २०२३मध्ये मंजूर झाली. तिथे रुग्णाच्याच पेशी काढून, बदलून परत त्यालाच देतात. ती पेटी बिघडली तर दुसरी बॅच कपाटात नसते. तिथे मी पैसे मोजायच्या आधी विचारही करणार नाही. पॅरासिटामॉलच्या खोक्यात सिम घालणं मात्र वेडेपणा.

सुईवाली_आई
तुम्ही सगळे बंदर आणि विमानतळावर भांडताय. माझ्या मुलीचं इन्सुलिन मेमध्ये ऑनलाइन मागवलं. थर्माकोलच्या डब्यात वितळून कोमट झालेला जेलपॅक, वर "२-८ अंशांत ठेवा" असं छापलेलं. १ ऑगस्ट २०२३पासून ३०० ब्रँडवर क्यूआर कोड आला ना, तो स्कॅन केला की बॅच आणि मुदत दिसते. वाटेत किती तापलं ते कुठे दिसतं? मी कुणाला विचारू?

स्टॅबिलिटी_ताई
@सुईवाली_आई, वापरात असलेली कुपी साधारण २८ दिवस खोलीच्या तापमानात चालते, त्यामुळे तासाभराच्या कोमटपणाने लगेच घाबरू नका. पण वाटेत किती दिवस तशी होती ते तुम्हाला सांगता येत नाही, हे खरं. परत करा, बदलून मागा.

होलसेल_गल्ली
केमिस्ट आहे, लाज वाटते पण सांगतो. आमच्या लायनीत दोघे-तिघे रात्री दुकान बंद करताना मेन स्विचच पाडतात, फ्रिजसकट. मी फ्रिजची लाइन वेगळी काढून घेतलीय, आत थर्मामीटर लावलाय. इलेक्ट्रिशियनचे दीड हजार गेले.

सुईवाली_आई
कुठलं दुकान? पुण्यात आहात का?

होलसेल_गल्ली
नाव इथे नको, व्यक्तिगत निरोप पाठवतो. येताना आईसपॅकची पिशवी घेऊन या.