आयर्लंडमधील पूर्वजांचा १८६४पूर्वीचा शोध

प्रश्न: माझ्या पणजीचा जन्म १८५८च्या सुमारास मेयो काउंटीतील कॅथलिक कुटुंबात झाला, एवढेच घरात ठाऊक आहे. सरकारी जन्मनोंद कुठेच सापडत नाही. पुढे काय करावे?

उत्तर: ती सापडणार नाही, कारण आयर्लंडमध्ये सर्व जन्मांची नोंदणी १८६४मध्ये सुरू झाली. आपण बाप्तिस्म्याची नोंद शोधावी. कॅथलिक पॅरिशांच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतील भागांच्या, नोंदवह्या तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५मध्ये विनामूल्य खुल्या केल्या. अक्षर पुसट असते, नावे अनेकदा लॅटिनमध्ये असतात, जेम्सचा तिथे ‘याकोबुस’ होतो, पण आईचे माहेरचे आडनाव बहुधा मिळते आणि माझ्या मते खरा धागा तोच.

प्रश्नकर्ती: पॅरिश कोणते, हेच माहीत नाही.

दुसरे उत्तर: पणजींचे लग्न आयर्लंडमध्ये झाले असेल, तर ते १८६४नंतरचेच, म्हणून सरकारी विवाहनोंद आधी काढावी, तीत वडिलांचे नाव, व्यवसाय आणि वधूचा पत्ता, म्हणजे बहुधा टाउनलँड (आयर्लंडमधील जमिनीचा सर्वांत लहान विभाग), असतो. ते वडिलांचे नाव ग्रिफिथ यांच्या जमीन-मूल्यांकनात (कर ठरवण्यासाठी केलेली सरकारी यादी, १८४७ ते १८६४) त्याच टाउनलँडच्या कुळांमध्ये पाहावे. १९२२च्या डब्लिनमधील आगीत जुन्या जनगणनांचे बहुतेक कागद नष्ट झाल्यामुळे ही यादी फार मोलाची आहे. आडनावाची सुरुवातीला ‘ओ’ असलेली आणि नसलेली (जसे ओ’ब्रायन आणि ब्रायन), दोन्ही रूपे तपासावीत.